डूममध्ये स्वतःचा चीट: दादाच्या थरथरत्या हातासाठी

२३ ऑक्टोबर २०२५, भाऊबीज, सांगली

दादाच्या उजव्या हाताला कंप आहे. औषध चालू आहे, पण माउस धरला की पडद्यावरचा बाण जागेवर राहत नाही. त्याला ‘डूम’ या जुन्या, राक्षस मारायच्या संगणक खेळाचा पहिला एपिसोड पुन्हा एकदा पुरा करायचाय, आणि तोही पूर्वी खेळायचो त्याच ‘हर्ट मी प्लेंटी’ पातळीवर. काम एवढंच. घरात असा कोणी खेळाडू असेल त्यांच्यासाठी नोंदी ठेवतेय.

सामान: त्याचाच जुना लॅपटॉप, लिनक्स मिंट (विंडोजऐवजी वापरायची मोफत प्रणाली), चॉकलेट डूम (मूळ खेळ आजच्या संगणकावर चालवणारा प्रोग्राम) आणि शेअरवेअर, म्हणजे फुकट वाटलेल्या भागाची, डेटा फाइल. डिसेंबर १९९३ मध्ये आयडी सॉफ्टवेअरने पहिला एपिसोड फुकट वाटला होता, तो आजही मोफत मिळतो. चॉकलेट डूम घ्यायचं कारण म्हणजे तो मूळ खेळासारखाच वागतो, त्याच्या खोड्यांसकट, आणि सोर्स, म्हणजे प्रोग्रामचा मूळ कोड, उघडा आहे.

पहिला प्रयोग अर्थातच आयडीडीक्यूडी, म्हणजे खेळताखेळता टाइप करायचा ‘गॉड मोड’चा चीट कोड. अमरपट्टा! दादाने पहिला नकाशा पार केला, दुसरा अर्धा केला आणि माउस बाजूला ठेवला. “मरतच नाही, मग बघायचं कशाला?” वहिनी म्हणाली, तुला जिंकायचंय का खेळायचंय ते एकदा ठरव.

त्याचं बरोबर आहे. गॉड मोडमध्ये पडदा लाल होत नाही आणि खेळातला गडी ‘हं’ करून कण्हतही नाही. सोर्समध्ये याचं कारण एका ओळीत सापडतं: इजा करणाऱ्या फंक्शनमध्ये गॉड मोड चालू असेल तर तिथूनच परत फिरायचं. लाल पडदा आणि कण्हणं त्या ओळीच्या खाली आहे, तिथवर काही पोचतच नाही. त्यामुळे कोणी मारतंय हे खेळणाऱ्याला कळत नाही. फटका १००० किंवा त्याहून मोठा असेल तरच गॉड मोड हरतो, आणि एवढा मोठा फटका म्हणजे टेलिपोर्ट होऊन कोणी अंगावर येणं.

त्याच दिवशी भिंतीतून जाण्याचा चीटही चालवून पाहिला, कारण पहिल्याच नकाशात हिरव्या पाण्यावरच्या नागमोडी वाटेवरून तो सारखा घसरत होता. पहिल्या डूममध्ये हा कोड आयडीस्पिस्पॉपडी; आयडीक्लिप दुसऱ्या भागातला. कोड लागला, पण समोर पडलेली बंदूक उचलता येईना. हा चीट, म्हणजे नोक्लिप, चालू असला की टक्कर तपासणारं फंक्शन वस्तूंपर्यंत जायच्या आधीच ‘सगळं मोकळं आहे’ म्हणून बाहेर पडतं. वरून चालत गेल्यावर सुरू होणाऱ्या रेघा, म्हणजे टेलिपोर्टर वगैरे, त्याही निकामी. हा चीट या कामातून बाद.

२५ ऑक्टोबर, सांगली

कोडला हात लावण्याआधी सेटिंग. हे आधी केलं असतं तर परवाचा दिवस वाचला असता.

एक, माउस पुढे-मागे हलवला की डूममध्ये माणूस चालतो. कंप असलेल्या हाताला हे शिक्षाच आहे. चॉकलेट डूमच्या सेटअपमध्ये माउसची उभी हालचाल बंद करता येते. बंद केली. आता माउसने फक्त वळायचं, चालायचं बाणांच्या बटणांनी, डाव्या हाताने. वर-खाली नेम धरायचा प्रश्न या खेळात नाहीच, गोळी उंची आपली आपण जुळवून घेते. म्हणूनच नव्या खेळांपेक्षा हा खेळ दादाच्या हाताला सोसतो.

दोन, माउसचं ॲक्सिलरेशन. मूळ आकडा २.० असतो, म्हणजे झटका मोठा असेल तर त्याच्या जवळपास दुप्पट वळण. तो १.० केला. पडदा गरकन फिरायचा थांबला.

तीन, लिनक्स मिंटच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमधल्या बाउन्स कीज. तेच बटण पटकन दुसऱ्यांदा दाबलं गेलं तर संगणक ते मोजत नाही. हे का लागलं? चीट कोड ओळखणारं फंक्शन फार कडक आहे. अक्षर चुकलं की मोजणी शून्यावर, आणि चुकलेलं अक्षर नव्या कोडचं पहिलं असू शकेल हेही ते बघत नाही. दादाचं बोट ‘आय’वर दोनदा पडायचं आणि पुढचा सगळा कोड वाया जायचा.

बाउन्स कीज लावल्यावर वेगळीच गंमत. आयडीडीक्यूडीमध्ये ‘डी’ लागोपाठ दोनदा आहे. मी नेहमीच्या वेगाने टाइप केला तर दुसरा ‘डी’ गिळला जातो आणि कोड लागत नाही. दादा सावकाश दाबतो, त्याचा लागतो. त्याने हे दिवसभर घरात सगळ्यांना दाखवलं.

खर्च: वायरवाला जड माउस ३५० रुपये. हलका वायरलेस होता तो हाताबरोबर उडायचा.

१ नोव्हेंबर, पुणे

आता खरं काम. गॉड मोड आणि काहीच नाही यांच्या मधलं काहीतरी हवं. चीट चालू असताना इजा एक चतुर्थांश करायची, पण लाल पडदा आणि कण्हणं ठेवायचं.

करायचं फारसं नाही. खेळाडूच्या चीटसाठी एक आकडा असतो, त्यात नोक्लिपचा १, गॉड मोडचा २ आणि डीबगसाठी ठेवलेला एक ४. मी ८ घेतला. चीट ओळखणाऱ्या फाइलमध्ये गॉड मोडच्या शेजारी तसाच एक तुकडा टाकला, कोड ठेवला ‘आयडीदम’. एक लक्षात ठेवा: चॉकलेट डूममध्ये नाइटमेअर पातळीवर चीट चालत नाहीत, तिथे कोड टाइप करत बसू नका.

मग इजेच्या फंक्शनमध्ये: झेंडा वर असेल, म्हणजे त्या आकड्यात माझा ८ असेल, तर इजेला चारने भागा. चाचणीसाठी सर्वांत सोपी पातळी, ‘आय ॲम टू यंग टू डाय’, घेतली. झॉम्बीसमोर उभी राहिले. गडी कण्हतोय, कण्हतोय, आणि हेल्थ १०० वरून जेमतेम हलतेय.

यात अर्धा शनिवार गेला. सोपी पातळी स्वतःच इजा निम्मी करते, हे मी विसरले होते. वर माझा चौथा हिस्सा, म्हणजे एकूण आठवा. झॉम्बीची एक गोळी ३, ६, ९, १२ किंवा १५ ची असते. पूर्णांकांचा भागाकार खालीच उतरतो, म्हणून आठाने भागल्यावर त्या होतात ०, ०, १, १, १. नुसता चौथा हिस्सा घेतला तरी ३ ची गोळी शून्याचीच. थोडक्यात, मी जवळपास कण्हणारा गॉड मोडच बनवला होता.

दुरुस्ती: मुळात इजा होती आणि भागून शून्य आलं तर १ धरा. आणि सोप्या पातळीवर हा चीट वापरायचाच नाही. दादाला तसंही ‘हर्ट मी प्लेंटी’च हवी आहे. सोप्या पातळीवर गोळ्या दुप्पट मिळतात, तो फायदा गेला, पण पहिल्या एपिसोडमध्ये गोळ्या कमी पडत नाहीत.

३ नोव्हेंबर

पुण्यात बांधलेली, म्हणजे सोर्सपासून तयार केलेली, फाइल दादाला पाठवली, त्याच्याकडे उघडेना. जीलिबसीची (लिनक्समधल्या पायाभूत लायब्ररीची) अमुक आवृत्ती सापडत नाही, असा निरोप. माझा संगणक नवा, त्याचा मिंट जुना. नव्यावर बांधलेलं जुन्यावर चालत नाही, उलट मात्र बहुतेक वेळा चालतं. रात्री त्याच्या लॅपटॉपवर दुरून शिरून तिथेच बांधलं. एसडीएल २ (पडदा, आवाज, बटणं सांभाळणारी लायब्ररी) आणि तिच्या मिक्सर व नेट या दोन लायब्रऱ्यांच्या डेव्हलपमेंट आवृत्त्या लागतात, नाहीतर बांधण्याआधीची ‘कॉन्फिगर’ तपासणी अडते. ज्याच्यासाठी करताय त्याच्याच मशीनवर बांधा.

८ नोव्हेंबर

फोन: “तुझा चीट दोन तास चालतो आणि मग संपतो.”

चीटला काही मुदत नसते. पण दादा म्हणतोय म्हणजे काहीतरी असणार. त्याला शेजारी फोन ठेवून खेळायला लावलं आणि ऐकत बसले. तो तिसऱ्या नकाशात मेला, नकाशा पुन्हा सुरू झाला, आणि दोन मिनिटांत पुन्हा मेला.

मेल्यावर काय होतं ते बघितलं. पुनर्जन्माचं एक फंक्शन आहे, जी-प्लेअर-रीबॉर्न. ते खेळाडूची सगळी माहिती शून्य करतं. त्याआधी मारलेल्यांचा, वस्तूंचा आणि गुप्त जागांचा हिशेब बाजूला काढून नंतर परत ठेवतं. चीटचा आकडा काही बाजूला काढत नाही. गॉड मोडमध्ये ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण तिथे मरायची वेळच येत नाही. माझ्या चीटमध्ये माणूस मरू शकतो, तेच तर हवं होतं, पण मेल्याबरोबर चीटही मरतो आणि पडद्यावर काही सांगतही नाही. सेव्ह केलेल्या खेळात मात्र तो आकडा जपला जातो, म्हणून सेव्हवरून परत आलं की सगळं ठीक. दादाच्या ‘दोन तासां’चा उलगडा झाला: आधी तो सेव्हवरून परत यायचा, त्या दिवशी सेव्ह करायला विसरला.

माझा झेंडाही बाजूला काढून परत ठेवला. याचा एक शेपटासारखा त्रास होतो. नवीन खेळ सुरू केला तरी चीट चालूच राहतो, आणि शीर्षकाच्या पडद्यामागे जे डेमो चालतात त्यांतही तो घुसतो. डेमो म्हणजे नुसती दाबलेल्या बटणांची नोंद. इजा बदलली की ती नोंद भलतीकडे जाऊ शकते. ‘डेमो चालू असेल तर लागू नाही’ अशी अट टाकली.

१५ नोव्हेंबर, सांगली

या वेळी शेजारी बसून नुसतं बघितलं. आणि दिसलं की मी चुकीच्या ठिकाणी काम करत होते.

उजवीकडून इम्प, आगीचे गोळे फेकणारा राक्षस, येतो. दादाला तो दिसतो, लगेच दिसतो, नजर पूर्वीसारखीच तेज आहे. माउस वळायला लागतो, हात थरथरतो, नेम पलीकडे जातो, परत येतो. तोवर आगीचा गोळा अंगावर. तो चिडतो ते हेल्थ कमी झाल्यावर नाही, तर “मला दिसला होता की गं!” म्हणून. इजा कमी करून उपयोग नाही, त्याला अर्धा सेकंद जास्त हवाय.

डूमचं घड्याळ सेकंदाला ३५ टिकचं असतं. सगळं त्याच्यावर: चालणं, गोळे, दारं. ३५ चे २५ केले तर राक्षस सावकाश येतील. माउसने मात्र हात जेवढा फिरवाल तेवढंच वळण मिळतं, त्याला घड्याळाची आडकाठी नाही. म्हणजे फायदा नेमका जिथे हवा तिथेच.

वेळ मोजणारं फंक्शन आय-टायमर नावाच्या फाइलमध्ये आहे. मिलिसेकंदांना ३५ ने गुणून १००० ने भागायचं. मी १००० चे १४०० केले. बांधलं, चालवलं. नकाशा बदलताना पडदा वितळून खाली ओघळतो ना, तो मस्त संथ ओघळला. आणि इम्प पूर्वीच्याच वेगाने अंगावर आला.

१६ नोव्हेंबर, सांगली

हीच भागाकाराची ओळ आणखी एका ठिकाणी आहे. डी-लूप या फाइलमध्ये, नेटवर्कवर खेळताना दोन संगणकांची घड्याळं जुळवण्यासाठी चॉकलेट डूमने स्वतंत्र हिशेब ठेवलाय, आणि एकट्याने खेळतानाही खेळ त्याच हिशेबावर चालतो. तिथेही १४०० केले. आता खेळ खरंच संथ झाला.

मग शहाणपणा सुचला की वेगही चीट कोडने खेळताखेळताच बदलता यावा. तसं केलं. कोड टाकला आणि पडदा गोठला, मेनूही उघडेना. बंद करून परत, तेच. कारण असं की, टिकची संख्या कार्यक्रम सुरू झाल्यापासून मोजली जाते. दहा मिनिटांत ३५ च्या हिशेबाने २१००० टिक होतात. भाजक बदलला की तोच वेळ एकदम १५००० दाखवतो. घड्याळ ६००० टिक मागे गेलं, असं खेळाला वाटतं आणि तेवढं भरून येईपर्यंत तो नुसता थांबतो. २५ च्या वेगाने चार मिनिटं! रविवारची दुपार यात गेली. शेवटी वेग कमांड लाइनवर दिला, खेळ सुरू होतानाच ठरतो. डेस्कटॉपवर दोन चिन्हं ठेवली, एक नेहमीच्या वेगाचं, एक संथ.

२५ टिकवर खेळ थोडा तुटक दिसतो. चॉकलेट डूम दोन टिकच्या मधली चित्रं काढत नाही. मला ते खुपलं, दादाला नाही. आपण क्लासच्या मशीनवर खेळायचो तेव्हा याहून तुटक दिसायचं, म्हणाला. संगीताचं घड्याळ वेगळं, त्यामुळे गाणं पूर्ण वेगात आणि राक्षस दमानं, हे कानाला पहिल्यांदा विचित्र लागतं.

संध्याकाळी त्याने न सांगता आयडीदम बंद केला. नुसत्या संथ घड्याळावर चौथा नकाशा पार झाला. मेला, पुन्हा सुरू केला, शिव्या घातल्या, पुन्हा मेला. जेवायला तीनदा हाक मारावी लागली.

३० नोव्हेंबर, सांगली

आठवा नकाशा, ‘फोबोस ॲनोमली’. दोन बॅरन ऑफ हेल, म्हणजे एपिसोडच्या शेवटचे थोराड राक्षस. त्यांचा एकेक गोळा ८ ते ६४ पर्यंत लागतो, संथ घड्याळावरही दादाला ते जमेना. त्याने स्वतःहून आयडीदम लावला. “फक्त या दोघांपुरता.” बॅरन पडले, भिंती खाली गेल्या, टेलिपोर्टरमधून तो अंधाऱ्या खोलीत पोचला.

आणि तिथे अडकला. चारी बाजूंनी मार, गडी कण्हतोय, पडदा लाल, पण एपिसोड संपेना. “हँग झाला काय?”

त्या खोलीची जमीन खास आहे. तिच्यावर उभं राहिलं की खेळ आधी गॉड मोड काढून घेतो, मग दर ३२ टिकला २० ची इजा करतो, आणि हेल्थ १० किंवा खाली आली की नकाशा संपवतो. चीट करून आलेल्यालाही शेवटी इथे हरावंच लागतं, एपिसोडचा शेवटच तसा आहे. पण जमीन काढते फक्त गॉड मोडचा झेंडा, माझा ८ चा तिला माहीत नाही. त्यामुळे २० चे झाले ५. एरवी १०० वरून खाली यायला पाच फटके पुरतात, आता १८ लागणार, आणि २५ टिकच्या घड्याळावर प्रत्येक फटक्याला सव्वा सेकंदाहून जास्त. मी त्याला म्हटलं, उभा राहा नुसता. तो काही उभा राहिला नाही, अंधारात बंदूक चालवत सुटला आणि मधेच शेवटचा मजकूर पडद्यावर आला.

त्याच ओळीत माझाही झेंडा उतरवला. एका शब्दाची भर. पुढच्या वेळी हे होणार नाही.

६ डिसेंबर, पुणे

कोणी करणार असेल तर माझ्या मते क्रम असा: आधी माउस आणि बाउन्स कीज, मग वेग, आणि इजेचा चीट सर्वांत शेवटी, लागलाच तर. मी उलट्या क्रमाने गेले म्हणून महिना लागला. कोड बांधायचा नसेल तर प्रबूम प्लस या डूम चालवणाऱ्या दुसऱ्या प्रोग्राममध्ये खेळाचा वेग टक्क्यांत बदलायची सोय तयार आहे. ७० टक्के ठेवा, जवळपास माझ्या २५ टिकइतकाच होतो. हे मला आधी माहीत असतं तर मी डी-लूप उघडलीच नसती. इजेच्या चीटसाठी मात्र सोर्सला हात लावावाच लागेल.

एकूण खर्च ३५० रुपयांचा माउस आणि पुणे-सांगलीची एसटी.

बाकी राहिलेलं: बांधलेली फाइल नीट पॅक करून ठेवणे, म्हणजे मिंट नवा केला तरी पुन्हा सगळं करावं लागणार नाही. दादाने काल फोनवर २५ चे २८ करायला सांगितलेत. शेअरवेअरमध्ये दुसरा एपिसोड नसतो, त्यासाठी पूर्ण खेळ विकत घ्यावा लागेल. सेल लागायची वाट बघतेय.